टर्बो काढला, सायलेन्सर मोठा केला: गाडीचं नेमकं काय होतं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या डिझेल एसयूव्ही भरपूर आहेत. उसाच्या शेतावर जाणारा, गोव्याला भाजी पोचवणारा, लग्नसराईत गाडी भाड्याने देणारा, कुणाकडे ना कुणाकडे दहा-पंधरा वर्षं चाललेली स्कॉर्पिओ, सफारी किंवा इनोव्हा असतेच. या गाड्यांचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, एक ना एक दिवस कुरकुर करायला लागतो. शिट्टीसारखा आवाज येतो, मागून निळा धूर निघतो, चढाला गाडी ओढत नाही. नव्या टर्बोची किंमत ऐकून मालक गप्प होतो आणि गॅरेजमध्ये कुणीतरी सुचवतं, "टर्बोच काढून टाका की. साधी गाडी करून घ्या. एक्झॉस्ट मोठा बसवला की पिकअप भरून निघतंय बघा."

या सल्ल्यात थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. टर्बो काढल्यावर गाडी चालू शकते, हे खरं. मोठा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी रुंद वाट, टर्बोची जागा भरून काढतो, हे खरं नाही. ते का, हे एकदा समजलं की हजारो रुपये चुकीच्या कामात घालायची वेळ येत नाही. म्हणून मुळापासून पाहू.

## ताकद इंधनात असते, पण अडतं हवेपाशी

इंधन एकटं जळत नाही. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. डिझेल इंजिनात काळा धूर होऊ नये म्हणून त्याहून जास्त, ढोबळमानाने किलोला २० किलोच्या आसपास हवा ठेवावी लागते. इंधन वाढवणं अवघड नाही, पंप आणि इंजेक्टर ते फवारायला तयारच असतात. सिलिंडरमध्ये जेवढी हवा मावते तेवढंच इंधन नीट जळतं आणि तेवढीच ताकद चाकाला मिळते.

ज्या इंजिनात हवा बाहेरून कुणी दाबून भरत नाही, पिस्टन खाली जाताना जेवढी आत ओढली जाते तेवढ्यावरच ते चालतं, त्याला नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड म्हणतात. आपण त्याला बिनटर्बोचं इंजिन म्हणू.

२.२ लिटरच्या इंजिनाचा हिशेब करून बघा. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा भरतं. मिनिटाला २,००० फेरे असतील तर हजार वेळा, म्हणजे जास्तीत जास्त २,२०० लिटर हवा. फिल्टर, नळ्या आणि व्हॉल्व्ह यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपासच भरते. बेळगावच्या उंचीवर दुपारच्या वेळी एवढ्या हवेचं वजन जेमतेम २ किलो होतं. त्यात मिनिटाला १०० ग्रॅम डिझेल स्वच्छ जळेल आणि त्यातून ३५ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद निघेल. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, या फेऱ्यांना याहून फार जास्त काही मिळणार नाही. वरचं डिझेल काळा धूर होऊन मागून जाईल.

आता २०१४ सालच्या स्कॉर्पिओचं २.२ लिटर एमहॉक इंजिन घ्या. कंपनीच्या कागदावर ते १२० हॉर्सपॉवरचं आहे आणि त्याचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, २८० न्यूटन-मीटर आहे. २,००० फेऱ्यांना हाच टॉर्क म्हणजे जवळपास ८० हॉर्सपॉवर. एकीकडे ३५ आणि दुसरीकडे ८०. हा सगळा फरक दाबून भरलेल्या हवेचा आहे.

## टर्बो काय करतो

एक्झॉस्टमधून जळलेला वायू बाहेर पडतो तेव्हा तो तापलेला असतो आणि जोरातही असतो. इंधनातल्या उष्णतेचा मोठा वाटा असाच वाया जातो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या वाया जाणाऱ्या जोराचा उपयोग करायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. आजचा टर्बो त्याच तत्त्वावर चालतो. एका बारीक दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एक एक्झॉस्टच्या वाटेत बसतो आणि त्या वायूने फिरतो, दुसरा एअर फिल्टरकडून आलेली हवा दाबून इंजिनात पाठवतो. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाबल्यामुळे हवा तापते, म्हणून मध्ये इंटरकूलर नावाची जाळी तिला थंड करते. थंड हवा कमी जागेत जास्त मावते.

या वाढीव दाबाला बूस्ट म्हणतात. वातावरणाच्या दाबावर आणखी एक बार बूस्ट मिळाला, की त्याच सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा बसते.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत क्युपोला भट्टी चालताना पाहिली असेल, तर हे पटकन ध्यानात येईल. खालून ब्लोअर हवा मारतो, कोक फुलतो आणि बीड वितळतं. समजा ब्लोअर बंद केला आणि भरपाई म्हणून वरचं धुरांडं दुप्पट रुंद केलं, तर बीड वितळेल का? धुराला वाट मोकळी झाली, पण कोकला हवा मिळेनाशी झाली. टर्बो काढून सायलेन्सर मोठा करणं म्हणजे नेमकं हेच.

## मग एक्झॉस्ट मोठा केल्याने काहीच मिळत नाही का?

मिळतं. इथे गॅरेजवाल्याच्या बोलण्यातलं खरं काय ते प्रामाणिकपणे मांडायला हवं, कारण एक्झॉस्टचं शास्त्र सगळेच अर्धवट सांगतात.

पिस्टनला जळलेला वायू बाहेर ढकलायला जोर लावावा लागतो. वाट अरुंद असेल तर जोर जास्त लागतो. यालाच बॅकप्रेशर म्हणतात. टर्बोचा पंखा स्वतःच त्या वाटेत बसलेला अडथळा असतो, त्यामुळे टर्बो काढला की बॅकप्रेशर कमी होतं. इथपर्यंत मिस्त्री बरोबर आहे. पण त्या अडथळ्याच्या बदल्यात टर्बो जी हवा आणतो ती कितीतरी जास्त मोलाची असते. अडथळा गेला आणि हवाही गेली, तर हिशेब तोट्यातच जातो.

दुसरी गोष्ट हेडरची. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र लांब नळी पुढे जाऊन एकत्र येते, असा एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला भाग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यावर वायूचा लोट नळीतून सुसाट जातो आणि आपल्या मागे थोडी ओढ तयार करतो. नळीची लांबी आणि जाडी नेमकी असेल तर ती ओढ सिलिंडरमधला उरलासुरला धूर बाहेर काढते आणि आत येणाऱ्या हवेलाही मदत करते. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की लोटाचा वेग मंदावतो आणि ही मदत कमी होते. म्हणूनच 'जितका मोठा पाइप तितकी जास्त पावर' हे चुकीचं आहे. 'थोडं बॅकप्रेशर लागतंच' हेही तितकंच चुकीचं. इंजिनाला वेग हवा असतो, अडथळा कधीच नको असतो.

जास्त फेऱ्यांवर चालणाऱ्या बिनटर्बो पेट्रोल इंजिनात चांगल्या हेडरचा आणि मोकळ्या सायलेन्सरचा फायदा जाणवतो, तरी तो थोडक्या टक्क्यांचा. ४,०००-४,५०० फेऱ्यांत संपणाऱ्या डिझेलमध्ये तो आणखी कमी. निम्म्याच्या आसपास गेलेली ताकद यातून परत येत नाही. एक्झॉस्ट मोकळा करण्याचा खरा फायदा टर्बो जागेवर असताना जास्त होतो, कारण पंख्याच्या मागचा दाब कमी झाला की पंखा लवकर वेग घेतो. म्हणजे जे काम टर्बो काढल्यावर करायचं ठरतं, ते टर्बो असतानाच जास्त उपयोगी पडलं असतं.

मग टर्बो काढून आणलेली गाडी 'भारी चालते' असं काही जण का सांगतात? टर्बोचा पंखा एक्झॉस्टचा आवाजही बराच शोषून घेतो. तो गेला आणि वर सायलेन्सर मोकळा झाला, की गाडी गुरगुरायला लागते. आवाज वाढला की जोर वाढल्यासारखा वाटतो. जांबोटीच्या रस्त्यावर घड्याळ लावून तोच चढ त्याच गिअरमध्ये चढून बघितला, की खरं काय ते कळतं.

## "आमच्या जुन्या सुमोला कुठे होता टर्बो?"

रास्त प्रश्न. १९९४ साली आलेल्या पहिल्या सुमोला टर्बो नव्हता. २००० साली आलेल्या क्वालिसलाही नव्हता, आणि ती लाखो किलोमीटर तक्रार न करता चालली. मग टर्बो काढलेली गाडी तशी का चालू नये?

कारण क्वालिसचं इंजिन पहिल्या दिवसापासून टर्बोशिवाय चालण्यासाठी बनवलेलं होतं. हवा कमी मिळणार हे ठाऊक असल्याने त्यात ती जास्त दाबायची सोय केलेली असते. पिस्टन वर जाताना हवा किती पट दाबतो त्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. जुन्या बिनटर्बो डिझेलमध्ये तो २०च्या वर असायचा. टर्बो डिझेलमध्ये साधारण १५ ते १९, कारण हवा आधीच दाबून आलेली असते. टर्बो पेट्रोलमध्ये बहुधा ९ ते १०.५ आणि बिनटर्बो पेट्रोलमध्ये १० ते १२ किंवा त्याहून जास्त. टर्बोवर बेतलेल्या इंजिनाचा टर्बो काढला की कमी कॉम्प्रेशन आणि कमी हवा असा दुहेरी फटका बसतो. क्वालिसच्या इंजिनाला हे दोन्ही सोसावं लागत नव्हतं.

तिथेही आकडे बोलके आहेत. क्वालिसचं २.४ लिटर बिनटर्बो डिझेल ७५ हॉर्सपॉवर आणि १५१ न्यूटन-मीटर द्यायचं. २००५ साली तिच्या जागी आलेल्या इनोव्हाचं २.५ लिटर टर्बो डिझेल १०२ हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन-मीटरचं होतं. आकार जवळपास तोच, जोर एक तृतीयांशाने जास्त.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, ती म्हणजे गिअर. टर्बो गाडीचे गिअर तिचा भरपूर टॉर्क धरून ठरवलेले असतात. टॉर्क निम्मा झाला तरी गिअर तेच राहतात. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी उचलावी लागते आणि टर्बोचे वाचवलेले पैसे क्लचप्लेटमध्ये जातात.

कंपन्यांनीही टर्बोकडून बिनटर्बोकडे प्रवास केलेला आहे. २०१६ सालची मारुती ब्रेझा १.३ लिटर टर्बो डिझेलवर होती, ९० हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन-मीटर. २०२० साली तिला १.५ लिटरचं बिनटर्बो पेट्रोल इंजिन मिळालं, १०५ हॉर्सपॉवर आणि १३८ न्यूटन-मीटर. पण कंपनीने जुन्या इंजिनाचा टर्बो उचकटला नाही, इंजिनच दुसरं घातलं. आणि त्यातही टॉर्क उतरला तो उतरलाच.

## नीट करायचंच म्हटलं तर

अशक्य काही नाही. पण काम कुठपर्यंत जातं ते बघा. टर्बोचा आखूड बिडाचा मॅनिफोल्ड काढून हेडर बनवायचा. टर्बोला ऑइल नेणारी नळी ब्लॉकपाशी पक्की बंद करायची, कारण तिथे सैल राहिलेला एक प्लग म्हणजे वाटेतच संपलेलं ऑइल आणि जाम झालेलं इंजिन. ऑइल परत येण्याचं भोक बंद करायचं. काही टर्बोंना कूलंटच्याही नळ्या असतात, त्या जोडून घ्यायच्या. इंटरकूलर काढून फिल्टरपासून थेट वाट करायची. कॉम्प्रेशन वाढवायला पिस्टन बदलायचे. कॅमशाफ्टही बिनटर्बोला साजेसा हवा, कारण व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे याचं वेळापत्रक दोन्हीकडे वेगळं असतं. शेवटी इंधनाचं प्रमाण नव्या हवेप्रमाणे कमी करायचं.

हे सगळं करण्याइतकं हुन्नर बेळगावात आहे. इथल्या मशीनशॉपमध्ये नाना प्रकारचे इंजिनाचे भाग घडतात. प्रश्न हुन्नराचा नाही. एवढा खर्च करून हातात येणार ती मूळच्यापेक्षा दुबळी गाडी. त्या पैशात टर्बो नवा होतो आणि बहुतेक वेळा पैसे उरतातही.

प्रत्यक्षात गॅरेजमध्ये यातलं निम्मंही होत नाही. टर्बो उतरवतात, नळी ठोकून बंद करतात, पाइप वेल्ड करतात आणि गाडी हातात देतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत पंपाचा स्क्रू तसाच राहिला तर इंजिन आधीइतकंच डिझेल निम्म्या हवेत फवारत राहतं. काळा धूर होतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह भाजून निघतात. टर्बो रस्त्यातच फुटला आणि पंप कमी करून, हलक्या पायाने गाडी घरापर्यंत आणली, तर ती वेगळी गोष्ट. तशीच वर्षभर चालवायची नसते.

## "ईसीयू रीमॅप करून घेतो की"

ईसीयू म्हणजे गाडीचा संगणक, आणि त्याचं सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे रीमॅप. कॉमन रेल डिझेलमध्ये किती इंधन फवारायचं हे तोच ठरवतो, हवेच्या आणि दाबाच्या सेन्सरकडून माहिती घेऊन. अपेक्षित बूस्ट मिळाला नाही की तो बिघाडाची नोंद करतो, पॅनेलवर दिवा लावतो आणि गाडीला संथ चालीत टाकतो, म्हणजे लिम्प मोडमध्ये. रीमॅपिंगने हा दिवा विझवता येतो आणि इंधनही कमी करता येतं. पण सॉफ्टवेअर हवा आणू शकत नाही. चांगला रीमॅप गाडीला धुरापासून वाचवेल, ताकद परत देणार नाही.

१ एप्रिल २०२०पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांत हा विचारच सोडून द्यावा. त्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि ती काजळी ठराविक वेळाने जाळून टाकायचं काम ईसीयू हवा, तापमान आणि इंधन यांचा ताळमेळ घालून करतो. टर्बो गेला की तो ताळमेळ बिघडतो आणि डीपीएफ तुंबतो. मग पुढचा सल्ला येतो, "डीपीएफ पण काढू या." एक चूक झाकायला दुसरी.

## घाटाच्या माणसांना याचा चटका जास्त

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ८ टक्के विरळ. बिनटर्बो इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो मात्र थोडा जास्त फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो. पहिल्यांदा टर्बो विमानांच्या इंजिनात वापरले गेले ते याच कारणासाठी, वरच्या विरळ हवेत इंजिनाचा दम टिकावा म्हणून.

आपले रस्तेही तसेच. साखळीकडून चोर्ला चढून कणकुंबीला यायचं, दाणोलीहून आंबोली गाठायची, किंवा गोव्यातून अनमोड घाटाने वर यायचं. गाडीत सात माणसं, टपावर सामान, पावसाळ्यात समोर ट्रक. वळणावर वेग पडला की १,५००-२,००० फेऱ्यांवरूनच गाडी उचलायची असते, आणि टर्बो काढल्यावर सगळ्यात जास्त जोर जातो तो नेमका तिथला. ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर काढलेली गाडी मध्येच ओढेनाशी झाली, तर ती कुरकुर राहत नाही, जिवावरचं संकट होतं.

## मायलेज तरी वाढेल?

नाही. टर्बो 'डिझेल खातो' हा गैरसमज आहे. तो वाया जाणाऱ्या जोरावर चालतो. कमी कॉम्प्रेशनचं, अर्धपोटी हवेचं इंजिन तेवढ्याच कामाला जास्त डिझेल घेतं आणि चालवणारा खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसतो.

## "गावात कोण बघतंय?"

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळातून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा परवानगी घेऊन बदललेलं इंजिन यांना वाट आहे. टर्बो उतरवून घरगुती हेडर बसवण्याला ती वाट नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम १९० लागतं, त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने बाद होण्याची तरतूद आहे.

हा कायदा केंद्राचा आहे. कोगनोळी ओलांडून कोल्हापूरला गेलात काय किंवा चोर्ल्याने गोव्यात उतरलात काय, तो बदलत नाही. सीमेवरच्या गाड्या रोज दोन-तीन राज्यांत फिरतात, म्हणजे तपासणारे हातही तेवढेच जास्त.

पीयूसीतही अडतं. डिझेल गाडीची तपासणी अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून होते आणि धुराचा काळेपणा मोजतात. मर्यादा बीएस-४ गाड्यांना ५० एचएसयू (काळेपणा मोजायचं एकक), त्याआधीच्यांना ६५. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, अशी गाडी या झटक्याला काळा ढग सोडते. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला गेलात की गाडीची शारीरिक तपासणी होते. आणि अपघात झाला तर न कळवलेल्या बदलाचं कारण दाखवून विमा कंपनी दावा अडवू शकते. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण दंड भरून सुटता येतं, मोठ्या अपघाताच्या खर्चातून नाही.

## 'टर्बो गेला' म्हणजे नेमकं काय गेलं?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात, म्हणून जरा थांबून पाहू.

गाडी ओढत नाही म्हटल्यावर आधी नळ्या बघायच्या. इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी क्लिपजवळ चिरलेली असते आणि दाब तिथूनच फुसकन निघून जातो. चिरेभोवती ऑइलचा ओलसर काळा डाग दिसतो. ही नळी टर्बोच्या मानाने कितीतरी स्वस्त. त्यानंतर व्हॅक्यूमची बारीक नळी, दाब नियंत्रित करणारा अ‍ॅक्च्युएटर आणि बूस्टचा सेन्सर. काही टर्बोंत पात्यांचा कोन बदलता येतो, ती पाती काजळीने अडकतात आणि साफ करून मोकळी होतात.

हे सगळं ठीक असेल तर टर्बोच्या तोंडावरची नळी काढून पंख्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवायचा. आडवा अगदी किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे खेळत असेल किंवा पाती आतल्या भिंतीला घासून चमकलेली असतील, तर टर्बो उतरवावा लागणार. उतरवल्यावर मिस्त्रीला ऑइलच्या नळीचा बँजो बोल्ट, म्हणजे ज्यातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट, उघडून दाखवायला सांगा. त्याच्या बारीक भोकात बऱ्याचदा डांबरासारखी काळी कीट बसलेली असते. टर्बो मेला तो तिथे. ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा घाट चढून आल्या आल्या लगेच गाडी बंद केली, की उभ्या राहिलेल्या तापलेल्या ऑइलची कीट होते आणि दांडा कोरडा फिरतो. ती नळी न बदलता नवा टर्बो बसवला तर तोही जातो, आणि मग 'टर्बोच भिकार' असा बोभाटा होतो.

पूर्ण टर्बो घ्यायलाच हवा असं नाही. बाहेरचं घर चांगलं असेल तर आतला गाभा, ज्याला गॅरेजमध्ये कोअर किंवा कार्ट्रिज म्हणतात, तेवढाच बॅलन्स केलेला बसवता येतो. बसवताना इंटरकूलर आणि नळ्यांमध्ये साचलेलं ऑइल काढून धुवायलाच हवं. ते राहिलं, किंवा सील फुटून ऑइल आत जात राहिलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं. किल्ली फिरवली तरी बंद होत नाही, हवेची वाट बंद केली तरच थांबतं. म्हणून निळा धूर भरपूर येत असताना 'अजून आठवडाभर चालवू' असं करू नका.

## सेकंडहँड घेताना

निपाणीहून कोल्हापूरला आणि उलट, जुन्या गाड्यांची देवाणघेवाण नेहमीची आहे. केए-२२, केए-२३ची गाडी एनओसी घेऊन एमएच-०९ होते. टर्बो उतरवलेली गाडीही या वाटेने गिऱ्हाईकाच्या गळ्यात पडू शकते, म्हणून बॉनेट उघडून दोन मिनिटं घालवा. इंटरकूलर आहे पण त्याच्या नळ्या कुठेच जोडलेल्या नाहीत, ब्लॉकवर मध्येच पितळी प्लग ठोकलाय, एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर ताजं वेल्डिंग दिसतंय, किंवा किल्ली फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतच नाही, यातलं काहीही दिसलं तर विचारा. दिवा किल्लीसरशी लागून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर तो काढलेला किंवा सॉफ्टवेअरने दाबलेला असू शकतो.

मग गाडी चढाला न्या. निपाणीकडचे असाल तर तवंदी घाट पुरेसा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवरून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. चांगल्या टर्बोची गाडी १,८००-२,०००च्या आसपास मागून ढकलल्यासारखी उचलते. तशी उचलली नाही आणि आरशात काळा धूर दिसला, तर त्या गाडीची किंमत टर्बो, मॅनिफोल्ड, नळ्या आणि मजुरी वजा करूनच बोला. बीएस-६ असेल तर बोलूच नका.